नाथसागरात यॉटचे धक्के? आधी पाण्याची पातळी सांगा

पैठणपासून जालन्यापर्यंतच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: पैठण हे सातवाहनांच्या काळात मोठं बंदर होतं. आज नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, कोयनेच्या जलाशयापेक्षा कितीतरी मोठा आहे. कोयनेत बोटी चालतात, मग इथे यॉटसाठी धक्के का नकोत? धरण सरकारचंच असल्यामुळे परवानगीची अडचण नाही, हजारो पोरांना काम मिळेल, आणि जो विरोध करतो तो मराठवाड्याच्या विकासाच्या आड येतो. खाली जहाज कोरलेल्या नाण्याचा फोटो.

शेवटच्या वाक्यामुळे कुणी उत्तर देत नाही. मी देतो, कारण हा मेसेज मला एकाच दिवशी चार ग्रुपांवर आला आणि चारही ठिकाणी खाली नुसते अंगठे होते.

नाण्यापासून सुरू करू. नाणं खरं आहे, सातवाहनांचंच आहे. पण जहाजाची ही नाणी प्रामुख्याने पूर्व किनाऱ्यावर, आंध्र आणि तमिळ मुलखाच्या बाजूला सापडतात. राजधानी पैठण असली तरी राज्य समुद्राला भिडलेलं होतं, म्हणून नाण्यावर जहाज आलं. त्यावरून गोदाकाठी गलबतं नांगर टाकत होती असं ठरत नाही. उलट पुरावा मात्र स्पष्ट आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणचा उल्लेख आहे. तो सांगतो की गुजरातच्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तेरहून कापड भडोचला जायचं. जायचं कसं? गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. दोन हजार वर्षांपूर्वीचा परदेशी माणूस इतकं स्वच्छ लिहून गेलाय. पैठणचा मोठेपणा बैलगाड्यांवर उभा राहिला, त्यात कमीपणा कसला? बंदर नसताना रोमपर्यंत माल पोचवला, हे तर जास्त कौतुकाचं आहे.

मेसेजमध्ये मधेच ‘गोदावरी जलमार्गाने थेट समुद्राशी जोडणी’ असंही एक वाक्य आहे. गोदावरीवरचा राष्ट्रीय जलमार्ग मुळात भद्राचलम ते राजमहेंद्री एवढ्याच टप्प्याचा होता; 2016 च्या कायद्याने तो नाशिकपर्यंत वाढवला, पण कागदावर. प्रत्यक्षात पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी इथपासूनच नदी बंधाऱ्यांनी अडवलेली आहे, पुढे नांदेडला विष्णुपुरी आहे. यॉट आलीच तर ट्रेलरवर चढून घाटातून येईल.

आता मुख्य मुद्दा: नाथसागर कोयनेपेक्षा मोठा. पसाऱ्याने मोठाच आहे. पण पाणी जवळपास सारखंच. कोयनेची क्षमता 105 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), जायकवाडीची 102 च्या वर. फरक असा की कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या अरुंद दरीत सुमारे 115 चौरस किलोमीटरमध्ये कोंडलेलं आहे, आणि आपलं सपाट काळ्या रानात साधारण 350 चौरस किलोमीटरवर पसरलेलं. कोयना म्हणजे हंडा, जायकवाडी म्हणजे परात. भागाकार कुणीही करून बघावा: काठोकाठ भरल्यावरही जायकवाडीची सरासरी खोली आठ-सव्वाआठ मीटर भरते, कोयनेची 25 च्या पुढे जाते. तापोळा-बामणोलीला वर्षानुवर्षं बोटी चालल्या, 2024 मध्ये मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र सुरू झालं, ते त्या दरीच्या जोरावर.

आणि ही परात भरलेली असते तरी किती दिवस? आपल्याकडे पेपरात जायकवाडीची पातळी फुटांत छापून येते. पूर्ण भरलं की 1522 फूट. तिथून मृतसाठ्याच्या, म्हणजे एरवी वापरता न येणाऱ्या तळच्या पाण्याच्या, पातळीपर्यंत साधारण 27-28 फुटांचा उतार, आणि तेवढ्यात सगळा जिवंत साठा येतो, साडेशहात्तर टीएमसीच्या आसपास. खडकाच्या कड्याला लागलेलं पाणी 28 फूट उतरलं तर धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडतात, एवढंच. सपाट रानात मात्र दर फुटाला काठ लांब पळतो. दिवाळीत ज्या ठिकाणी लाटा आपटतात तिथे उन्हाळ्यापर्यंत गाळपेऱ्याचं, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरलेलं, पीक निघालेलं असतं. धरणात जमीन गेलेल्या कितीतरी घरांचा संसार या गाळपेऱ्यावर टेकलाय. मेसेज लिहिणाऱ्याने किनारा म्हणून जो पट्टा डोळ्यासमोर धरलाय तो वर्षातले काही महिने चक्क शेत असतो.

ही झाली बऱ्या वर्षाची गोष्ट. 2013, 2016, 2019 या उन्हाळ्यांत धरण मृतसाठ्यात गेलं होतं. संभाजीनगरला पाणी द्यायला आपत्कालीन पंप लावून मृतसाठ्यातून उपसा करावा लागला. अशा वर्षी यॉट कुठे बांधणार, हे सांगायला कुणी तयार नाही. उलट टोकाला 2006 चा ऑगस्ट आणि 2025 चा सप्टेंबर आठवा. 27 दरवाजे उघडले की खाली पैठणची काय अवस्था होते ते गावाने भोगलंय.

शिवाय धरण भरणं आपल्या एकट्याच्या हातात नाही. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं समन्यायी वाटपाचं सूत्र आहे. त्या पाण्यासाठी दुष्काळी वर्षात कोर्टात भांडावं लागतं, आणि तिथे आपण ‘आमची माणसं, जनावरं तहानलेली आहेत’ असं म्हणतो. उद्या समोरच्या वकिलाने यॉटच्या धक्क्याचा रंगीत फोटो न्यायाधीशांपुढे ठेवला तर? बोटी पाणी पीत नाहीत हे मलाही कळतं. पण भांडणात फोटो बोलतो.

परवानगीबद्दल मेसेज सरळसरळ चुकीचा आहे. 1986 पासून हा जलाशय जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, 341 चौरस किलोमीटरचं. म्हणजे जवळजवळ सगळं पाणी. भोवती 2017 मध्ये पर्यावरण संवेदनशील क्षेत्रही जाहीर झालंय. धरण जलसंपदा खात्याचं असलं तरी वन्यजीव कायदा त्याला लागू आहेच, आणि अभयारण्यात पक्क्या बांधकामाला वन्यजीव मंडळांची पायरी चढावी लागते. ‘तरंगत्या सौर प्रकल्पाला कोर्टाने अडवलं नाही, मग धक्क्याला कोण अडवणार’ असं एकाने खाली लिहिलंय. त्या प्रकल्पाविरुद्धची मच्छीमारांच्या संस्थेची याचिका राष्ट्रीय हरित लवादाने 2024 मध्ये फेटाळली आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही, हे खरं. पण तिथे प्रश्न सौरऊर्जेचा होता. त्या निकालाच्या पाठीवर बसून इंजिनाच्या बोटी आत येत नाहीत.

पक्ष्यांचं नाव काढलं की ‘माणसं मोठी की बगळे’ हा प्रश्न ठरलेला. त्यात एक गंमत आहे. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, पट्टकादंब हे हंसासारखे पक्षी, क्रौंच हे पाहुणे हिवाळ्यात येतात, आणि पर्यटनाचा हंगामही तोच. रोहितांना लागतं उथळ, चिखलाचं काठचं पाणी, जिथे यॉटचा तळ रुतेल. म्हणजे बोटीसाठी आधी तेच पाणी उकरून खोल करावं लागेल. इथे पैसे देऊन बघावं असं जे आहे तेच घालवून, जे दुसरीकडे जास्त चांगलं मिळतं ते उभारायचं.

विरोधकांच्या बाजूनेही एक फुगवलेलं वाक्य फिरतंय, की बोटी आल्या तर संभाजीनगरच्या नळाला डिझेलचं पाणी येईल. एवढ्या साठ्यात चार बोटींनी तसं होत नाही, आणि बॅटरीवरच्या बोटीही मिळतात. असल्या वाक्यांनी आपलीच बाजू लंगडी होते.

रोजगाराचं म्हणाल तर धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे, म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर केलेलं. एकेकाळी शाळेची सहल म्हटलं की पैठणचं उद्यान. त्याची पुढे जी दैना झाली ती बघून मग धक्क्यांची देखभाल कोण करणार हे विचारावं. नाथषष्ठीला लाखो वारकरी येतात, पैठणीसाठी बाया लांबून येतात. त्यातल्या किती जणांना यॉट हवी आहे? सावली, स्वच्छ संडास आणि मुक्कामाची बरी सोय मात्र सगळ्यांनाच हवी. आणि ‘भोई-कहार बांधवांना यॉटवर नोकऱ्या’ या ओळीबद्दल एवढंच: त्यांचा धंदा पाण्यात जाळं टाकण्याचा आहे. वेगाने जाणाऱ्या बोटींनी जाळी फाटली की भरपाई कोण देणार, ते मेसेजात नाही.

धक्का नकोच असं माझं म्हणणं नाही. गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची 2023 मधली बातमी आठवत असेल: फुगवट्याच्या पाण्यातून पोरं थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेला जात होती. धरणामुळे वाटा तुटलेल्या अशा वस्त्यांना धक्का द्या. पक्का नको, तरंगता द्या, पातळी उतरेल तसा पुढे सरकवता येणारा. सोबत एक साधी नाव, पगारी नावाडी आणि लहान मापाची लाइफ जॅकेटं. मच्छीमार सोसायट्यांना मासळी उतरवायला असेच दोन-चार द्या. परवानगी त्यालाही लागेल, पण तो अर्ज घेऊन मंडळापुढे जाताना सांगायला कारण असेल.