तिकिटावरचं अक्षर एजंट ठरवत नाही

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: “एजंटकडून विमानाचं तिकीट काढू नका. एजंट मुद्दाम सगळ्यात खालचा क्लास टाकतो आणि वरचे पैसे खिशात घालतो. क्यू, एस, टी अशी अक्षरं दिसली की समजा फसलात. क्लास बदलायला फक्त भाड्यातला फरक भरायचा असतो, बाकी सगळी लूट. सरकारी नियमाप्रमाणे २४ तासांत कुठलंही तिकीट फुकट बदलून मिळतं. आणि एजंट ऐकत नसेल तर सरळ विमानतळावर काउंटरला जा, तिथे लगेच क्लास बदलून देतात. एजंटच्या तिकिटाचा रिफंड अडकला तर मात्र कंपनी हात वर करते.”

मी ठाण्यात एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटांचं काम करते, म्हणजे मेसेजमध्ये ज्यांना चोर ठरवलंय त्यांच्यापैकीच एक. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. आपलं तिकीट समोर घ्या आणि एकेक मुद्दा ताडून बघा. या मेसेजवर विसंबून विमानतळावर जाणाऱ्या मुलांचं नुकसान होतं, त्यासाठी हे लिहितेय.

“एजंट मुद्दाम खालचा क्लास टाकतो.”

इकॉनॉमी केबिन एकच असते, पण त्यातल्या सीटा विमानकंपनी दहा-बारा बुकिंग क्लासमध्ये विकते. प्रत्येक क्लासला एक अक्षर, प्रत्येकाचं भाडं वेगळं, नियम वेगळे. कुठला क्लास कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा हे कंपनीचं रेव्हेन्यू मॅनेजमेंट खातं ठरवतं. अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ च्या सुमारास ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली, आणि आज जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्या तिच्यावरच चालतात.

माझ्या स्क्रीनवर एका फ्लाइटपुढे अशी ओळ येते: वाय ९, बी ९, एम ९, एच ४, के २, क्यू ०. नऊ म्हणजे नऊ किंवा त्याहून जास्त. शून्य म्हणजे क्यू बंद. तिथे शून्य असताना मी क्यूचं भाडं लावून तिकीट काढलं, किंवा केच्या भाड्यातली एखादी अट डावलली, तर काही दिवसांनी कंपनीकडून एडीएम येतो. एडीएम म्हणजे एजन्सीच्या नावावर फाडलेलं बिल. फरकाची रक्कम दंडासकट आमच्याकडून वसूल होते. तेव्हा अक्षर आपल्या मनाने फिरवणं एजंटच्या हातात नाही.

मग बहुतेकांच्या तिकिटावर खालचं अक्षर का असतं? कारण फोनवर पहिलं वाक्य असतं, “सगळ्यात स्वस्त काय आहे ते बघा.” सगळ्यात स्वस्त म्हणजे उघड्या असलेल्या क्लासपैकी सगळ्यात खालचा. यात एजंटची चूक होते, ती वेगळ्या जागी. स्वस्त तिकीट काढून देताना त्याचे नियम वाचून दाखवायला हवेत: तारीख बदलायला किती, रद्द केलं तर किती कापणार, बॅगा किती. ते वाचून न दाखवणारे एजंट आमच्या धंद्यात भरपूर आहेत आणि या मेसेजमागचा राग तिथून आलाय. तो राग मला मान्य आहे.

किमतीच्या बाबतीतही मेसेज पूर्ण खोटा नाही. कंपनीची वेबसाइट आणि एजंट यांच्या भाड्यात फरक पडू शकतो. लुफ्तान्सा समूहाने सप्टेंबर २०१५ पासून अमाडेउस, सेबर यांसारख्या आरक्षण यंत्रणांमधून काढलेल्या तिकिटावर १६ युरो जादा आकारायला सुरुवात केली, ते उघडपणे एजंटना वळसा घालण्यासाठीच. उलट बाजूने, विद्यार्थ्यांची आणि जहाजावर जाणाऱ्या खलाशांची खास भाडी बऱ्याचदा एजंटकडेच चांगली मिळतात. दोन्हीकडे विचारा आणि मग ठरवा.

“क्यू, एस, टी दिसलं की फसलात.”

एफ म्हणजे फर्स्ट, जे म्हणजे बिझनेस, वाय म्हणजे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी, इतपत संकेत सगळीकडे चालतो. त्याखालची अक्षरं प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने वापरते. एका कंपनीचा एस स्वस्तातला स्वस्त असेल, तर दुसरीचा बराच वरचा. अक्षरावरून घाबरू नका. अक्षराने सीट किंवा जेवण बदलत नाही; बदलतात ते बदलाचे आकार (म्हणजे तारीख किंवा फ्लाइट बदलायचं शुल्क), माइल्स (म्हणजे प्रवासावर कंपनी देते ते बक्षीस गुण) आणि माइल्सवर अपग्रेड मिळण्याची पात्रता. बॅगांचा हिशेब बऱ्याच कंपन्यांत आता व्हॅल्यू, क्लासिक, फ्लेक्स अशा नावांच्या भाड्यांवर ठरतो, म्हणून अक्षराबरोबर तेही नाव बघा.

“फक्त भाड्यातला फरक भरायचा असतो.”

हा मुद्दा सगळ्यात महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर.

क्लास बदलणं म्हणजे जुनं तिकीट मोडून नवं काढणं. आम्ही त्याला रीइश्यू म्हणतो. त्यात तीन रकमा येतात: जुन्या तिकिटाच्या नियमातला बदलाचा आकार, दोन भाड्यांतला आजचा फरक, आणि एजन्सीचा सर्व्हिस चार्ज. पहिल्या दोन रकमा कंपनीच्या, तिसरी आमची.

उदाहरणापुरते आकडे घेते. मुलीचं मुंबई–फ्रँकफर्ट तिकीट के क्लासमध्ये, मूळ भाडं ३२,००० रुपये. व्हिसा लांबला, तारीख आठवड्याने पुढे न्यायची आहे. त्या दिवशी के बंद, सगळ्यात खालचा उघडा क्लास एच, भाडं ४१,०००. बदलाचा आकार १०,००० धरू. म्हणजे ९,००० फरक आणि १०,००० आकार मिळून १९,००० कंपनीला, वर आमचा चार्ज. वडील म्हणतात, “अहो, क्लास तोच ठेवा ना, फक्त तारीख बदला.” पण त्या दिवशी तो क्लास शिल्लकच नाही, आणि तो उघडणं माझ्या हातात नाही. आणखी दोन दिवस पुढची फ्लाइट बघितली तर कदाचित के उघडा सापडेल आणि ९,००० वाचतील. एजंटला विचारायचा खरा प्रश्न हाच आहे: आजूबाजूच्या कुठल्या तारखेला माझा क्लास उघडा आहे?

आता यात लपलेला खड्डा. मूळ तिकीट विद्यार्थी भाड्याचं असेल आणि त्यावर एक बॅग जादा मिळाली असेल, तर बदलताना विद्यार्थी भाडं सुटून साधं भाडं लागलं की ती बॅग गेली. पैसे जास्त भरले आणि सामान कमी झालं, असं प्रत्यक्षात घडतं. रीइश्यूच्या आधी “बॅगा तितक्याच राहतील ना?” हे विचारून मेसेजवर लेखी घ्या.

इकॉनॉमीतून बिझनेसला जायचं असेल तर करही बदलतो. इकॉनॉमीवर जीएसटी ५ टक्के आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरच्या सगळ्या केबिनना तो १२ वरून १८ टक्के झालाय. हा वाढीव कर एजंट लावत नाही, पण बिलात दिसला की शिव्या त्यालाच पडतात.

उलट दिशेचा प्रश्नही येतो: काल ४१,००० ला काढलं, आज खालचा क्लास उघडला, फरक परत द्या. नियमातला आकार भरून ते करायचं तर बहुतेक वेळा हाती काही उरत नाही. एक वाट मात्र आहे आणि ती फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते. तिकीट ज्या दिवशी निघालं त्याच दिवशी, साधारण मध्यरात्रीपर्यंत, एजंट ते व्हॉइड करू शकतो, म्हणजे तिकिटाचा व्यवहारच रद्द करू शकतो. व्हॉइड झालं की बहुतेक कंपन्या रद्द करण्याचा आकार लावत नाहीत. म्हणून नावात चूक दिसली, तारीख चुकली, क्लास नको वाटला, तर उद्यावर ढकलू नका. त्याच संध्याकाळी फोन करा.

“२४ तासांत कुठलंही तिकीट फुकट.”

डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी महासंचालनालयाच्या नियमात अशी सवलत आहे, पण “कुठलंही” हा शब्द मेसेजने घुसडलाय. वर्षानुवर्षे ती मुदत २४ तासांची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती ४८ तास करण्याचा मसुदा डीजीसीएने काढला. मुदतीपेक्षा अटी महत्त्वाच्या. प्रवासाची तारीख अगदी तोंडावर असेल तर ही सवलत लागू होत नाही. आणि बदलाचा आकार माफ असला, तरी नव्या फ्लाइटचं त्या वेळचं भाडं भरावंच लागतं. वरच्या उदाहरणातले १०,००० सुटतील, ९,००० नाही.

अमेरिकेतून तिकीट काढणाऱ्या आपल्या लोकांसाठी आणखी एक. तिथला २४ तासांचा नियम विमानकंपनीकडे थेट केलेल्या, प्रवासाच्या किमान सात दिवस आधीच्या बुकिंगला आहे. एजंट किंवा पोर्टलवरून काढलेल्या तिकिटाला तो बंधनकारक नाही. काही पोर्टल स्वतःहून ती मुभा देतात, काही देत नाहीत. न्यू जर्सीतल्या नातेवाइकाने “आमच्याकडे तर मिळतं” म्हटलं, तर आधी त्यांनी तिकीट कुठून काढलं ते विचारा.

“काउंटरला जा, लगेच बदलून देतात.”

काउंटरवर मिळतं ते केबिनचं अपग्रेड, तेही सीट रिकामी असेल तर आणि त्या दिवशीच्या भावाने. त्या पैशांची वेगळी पावती निघते. मूळ तिकिटाचं अक्षर बहुतेक वेळा तेच राहतं, त्यामुळे बिझनेसमध्ये बसूनही माइल्स जुन्या क्लासचेच पडतात आणि परतीच्या तिकिटाचे नियमही जुनेच राहतात. मेसेज वाचून जो क्लास बदलायला लोक जातात, तो तिथे बदलत नाही.

एजंटने काढलेल्या तिकिटात प्रवासाआधी हात घालायला कंपनी सहसा नकार देते, “तुमच्या एजंटशी बोला” म्हणते. यात एजंटची परवानगी वगैरे काही नसते. तिकिटाचा व्यवहार ज्या कार्यालयातून झाला तिथूनच तो मोडायचा, असा हिशेब असतो. प्रवासाची वेळ जवळ आली किंवा प्रवास सुरू झाला की कंपनी स्वतः बदल करून देते. टूरच्या ग्रुप तिकिटात तर एकट्याचा क्लास बदलणं जवळपास अशक्य, कारण सगळा ग्रुप एकाच करारात बांधलेला असतो.

ज्या हक्कासाठी काउंटरवर खरंच भांडावं, तो या मेसेजमध्ये नाही. तुमच्याकडे वरच्या केबिनचं पक्कं तिकीट असताना कंपनीने तुम्हाला खाली बसवलं, तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या डीजीसीएच्या नियमाप्रमाणे देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम करांसकट परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५ टक्के. तिकीट एजंटकडून काढलं म्हणून हा हक्क जात नाही.

“रिफंड अडकला तर कंपनी हात वर करते.”

करत असेल, पण नियमाने करता येत नाही. एजंट हा कंपनीने नेमलेला प्रतिनिधी असल्यामुळे त्याच्यामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमानकंपनीचीच, असं डीजीसीएने स्पष्ट लिहिलंय. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि नॉन-रिफंडेबल तिकिटावरसुद्धा सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळायला हवं. कोणी “नॉन-रिफंडेबल आहे, काहीच मिळणार नाही” म्हणालं, मग तो एजंट असो की कंपनी, तर कराच्या रकमेचा हिशेब मागा. नाही दिला तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

तक्रारीला कागद लागतो. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला प्रवासाचा तक्ता पुरत नाही, ई-तिकिटाची पावती मागा. तिच्यावर क्लासचं अक्षर, भाड्याचा कोड, बॅगांची मर्यादा आणि तेरा आकडी तिकीट नंबर असतो. पहिले तीन आकडे कंपनीचे, जसे एअर इंडियाचे ०९८ आणि लुफ्तान्साचे २२०. भाड्याच्या जागी बीटी किंवा आयटी छापलं असेल तर ते घाऊक किंवा टूरचं भाडं आहे, त्याचे नियम एजंटकडून लेखी घ्या. स्वस्त विमानकंपन्यांचं काम बहुतेक नुसत्या पीएनआरवर चालतं. पण मोठ्या कंपनीच्या तिकिटाचे पूर्ण पैसे देऊनही हा नंबर आला नसेल, तर सीट फक्त धरून ठेवलीय, तिकीट अजून निघालेलं नाही. अशा वेळी क्लासची चौकशी नंतर; आधी एजंटला फोन लावून तिकीट काढून घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून ते निघाल्याची खात्री करा.