लेथ निरुपद्रवी नाही: पसरलेल्या एका समजाला मुद्देसूद उत्तर

घरी लाकूडकाम सुरू करणाऱ्यांना वुड लेथबद्दल, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून हत्याराने कातायच्या मशीनबद्दल, दिला जाणारा एक सल्ला सध्या हातोहात पुढे जातो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: “टेबल सॉ आणि रंधा मशीन बोटं तोडतात, कारण त्यांत पातं फिरतं. वुड लेथमध्ये पातंच नाही, धार तुमच्या हातात असते. म्हणून घरच्या वर्कशॉपसाठी तेच सगळ्यात सुरक्षित मशीन. साधा चष्मा आणि हातमोजे घाला, वेग कमी ठेवा, हत्यार घट्ट धरा. छोट्या लेथला तर एवढीही काळजी नको. लाकडाला तडा असेल तर इन्स्टंट ग्लू सोडा. महागडी हत्यारं घेण्यापेक्षा जुनी कानस घासून वापरा.”

धार हातात असते, एवढं खरं आहे. बाकीच्यातलं काही अर्धवट आहे, काही चुकीचं आहे आणि हातमोजे व कानस या दोन सूचना तर अपघाताला आमंत्रण देणाऱ्या आहेत.

“पातं नाही, म्हणून धोका नाही”

करवतीत पातं फिरतं, लेथवर लाकूड फिरतं. त्यामुळे मशीनमधली बहुतेक ऊर्जा लाकडातच साठते, आणि ते लाकूड दोन टोकांत, चार जबड्यांत किंवा चार-सहा स्क्रूंवर धरलेलं असतं. ३० सेंमी व्यासाचा आणि १० सेंमी जाडीचा, वाडग्यासाठी कापलेला लाकडाचा गोल घ्या. मध्यम घनतेच्या लाकडात त्याचं वजन सुमारे ५ किलो भरतं. मिनिटाला १००० फेऱ्यांवर त्याच्या कडेचा वेग ताशी ५६ किमी असतो, २००० फेऱ्यांवर ११३ किमी. कडेची ढलपी सुटली की ती त्याच वेगाने सरळ रेषेत निघते. समोर तुमचा चेहरा आहे की भिंत, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं.

वेगाचा परिणाम वर्गाने वाढतो, हे या सल्ल्यात कुठेच येत नाही. गोलाच्या एका बाजूला केंद्रापासून १२ सेंमीवर फक्त १०० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. एखादी गाठ किंवा एक न कापलेला कोपरा एवढं सहज करतो. ५०० फेऱ्यांवर हा असमतोल साधारण साडेतीन किलोच्या जोराने लेथला हलवतो. १००० वर तोच जोर १३ किलोंच्या पुढे जातो आणि २००० वर ५० किलोंच्याही पुढे. नॉब दुप्पट फिरवला की धक्का चौपट होतो. मोठे अपघात बऱ्याचदा इथे घडतात: आधीच्या बारीक कामानंतर वेग वरच राहिलेला असतो आणि नवा खडबडीत गोल चढवून थेट स्विच दाबला जातो.

म्हणून क्रम ठरलेला हवा. लाकूड चढवलं, टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) लावली, सगळे खटके आवळले, चकची (लाकूड धरणाऱ्या जबड्यांची) चावी काढून जागेवर ठेवली, की लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवून बघा. रेस्टला कुठे घासत नाही ना. मग वेगाचा नॉब सर्वात खाली आणा, पट्टा कोणत्या पुलीवर आहे ते पाहा. त्यानंतर लाकूड ज्या प्रतलात फिरतं त्यातून बाजूला सरका आणि स्विच दाबा. आवाज एकसारखा झाला, मशीन थरथरत नाही, तरच समोर या. स्विच लाकडाच्या पलीकडे असेल आणि त्यावरून हात न्यावा लागत असेल, तर तो टेलस्टॉकच्या, म्हणजे लाकडाच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या, बाजूला आणून घ्या. लेथवर करता येणाऱ्या सगळ्या सुधारणांत आम्ही हिला पहिलं स्थान देऊ.

“छोट्या लेथला काळजी नको”

मोटर लहान असली तर लाकडाला वेग पकडायला चार सेकंद जास्त लागतात, एवढाच फरक. वेग पकडल्यावर ५ किलोच्या गोलातली ऊर्जा लहान लेथवरही तेवढीच असते. उलट छोट्या मशीनच्या दोन अडचणी मोठ्याला नसतात. एक, पुलीवर चालणाऱ्या अनेक छोट्या लेथचा सर्वात कमी वेगच ५०० किंवा त्याहून जास्त असतो, आणि वेड्यावाकड्या मोठ्या गोलासाठी तो फार होतो. दोन, बेड, म्हणजे मशीनचा पाया, हलका असल्याने लेथ टेबलावर सरकू लागते. तिला जड टेबलाला बोल्टने आवळा, खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा आणि गोल चढवण्याआधी करवतीने शक्य तितका गोल कापून घ्या. तरीही सर्वात कमी वेगावर थरथर थांबत नसेल, तर तो गोल त्या लेथसाठी नाही.

वेगाच्या अंदाजासाठी कातकामात एक जुना नियम वापरतात: इंचातला व्यास गुणिले मिनिटाच्या फेऱ्या, हा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवायचा. १२ इंची वाडग्याला ५०० ते ७५०, ३ इंची दांड्याला २००० ते ३०००. हा आकडा निर्दोष आणि समतोल झालेल्या लाकडासाठी आहे. खडबडीत गोलाची सुरुवात याच्याही खालून करायची.

“वेग कमी असला की झालं”

हा अर्धा सल्ला आहे. वेग कमी ठेवून हत्यार पूर्वीच्याच घाईने पुढे ढकललं, तर प्रत्येक फेरीत जास्त जाड ढलपी निघते, हत्यार उसळतं आणि लाकडात रुतण्याची शक्यता वाढते. वेग कमी केला की हत्यार पुढे नेण्याची गतीही कमी करावी लागते. समतोल झालेला बारीक दांडा ६०० फेऱ्यांवर कातणं हे २००० वर कातण्यापेक्षा सुरक्षित नाही. काम फक्त खरखरीत आणि धक्क्याधक्क्याचं होतं.

“साधा चष्मा पुरे”

चष्मा धूळ आणि बारीक ढलप्या अडवतो. लेथला पूर्ण चेहरा झाकणारी फेसशील्ड लागते, तीही आघात-चाचणी झालेली, आणि तिच्या आत सेफ्टी चष्मा. पण शील्डवरही सगळा भार टाकू नका. संरक्षक चष्म्यांच्या झेड८७.१ या अमेरिकी मानकातल्या जड आघाताच्या चाचणीत ५०० ग्रॅमचं टोकदार वजन १२७ सेंमीवरून सोडतात. ती ऊर्जा सुमारे ६ ज्यूल होते. वर घेतलेल्या ५ किलोच्या गोलातून १००० फेऱ्यांवर, केंद्रापासून १२ सेंमीवर असलेला ५०० ग्रॅमचा तुकडा सुटला, तर त्यात सुमारे ४० ज्यूल असतात. शील्डमुळे डोळे वाचतील आणि जखम हलकी होईल, पण त्या रेषेत उभं न राहणं याला ती पर्याय होत नाही.

“हातमोजे घाला”

घालू नका. उडणाऱ्या गरम ढलप्यांनी हात भाजतो, ही तक्रार खरी आहे, पण हात थोडा मागे किंवा रेस्टच्या खालून धरला आणि धार ताजी ठेवली की ती बरीच कमी होते. सैल हातमोजा फिरत्या लाकडात अडकला तर काय होतं, त्याचा हिशोब असा: ५ सेंमी जाडीचा दांडा २००० फेऱ्यांवर सेकंदाला ३३ वेळा फिरतो. धोका जाणवून हात मागे घ्यायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्या वेळात दांड्याभोवती मीटरभर कापड गुंडाळलं जातं. हातमोजा एवढा लांब नसतो, म्हणून उरलेली लांबी बोटं आणि मनगट भरून काढतात. उघड्या बोटाला फिरतं लाकूड लागलं तर खरचटतं, बोट बाहेर फेकलं जातं. कापड मात्र आत ओढतं.

लांब सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, अंगठी, मोकळे केस, हुडीच्या दोऱ्या, एप्रनचे पुढे बांधलेले बंद, कानातली वायर हे सगळं याच हिशोबात येतं. पॉलिश करताना तर धोका आणखी जवळ येतो, कारण तिथे माणूस स्वतःच कापड लाकडाला लावतो. तेल किंवा मेण लावायला कापड न वापरता टिश्यू पेपर घ्या. अडकला तर तो फाटतो. पॉलिश पेपर लाकडाभोवती गुंडाळून दोन टोकं धरू नका, बोटालाही गुंडाळू नका. टूल रेस्ट आधी काढून ठेवा, पेपरची छोटी घडी करा आणि लाकडाच्या खालच्या बाजूने टेकवा. तिथे लाकडाचा पृष्ठभाग तुमच्यापासून दूर जात असतो, त्यामुळे पेपर सुटला तरी पलीकडे जातो.

“हत्यार घट्ट धरा, रुतणार नाही”

हत्यार रुततं ते पकड सैल असल्यामुळे नाही, आधार चुकल्यामुळे. गाऊज (पन्हळीसारखं खोलगट हत्यार) किंवा स्क्यूच्या (तिरप्या धारेच्या सपाट हत्याराच्या) धारेमागे जो उतार घासलेला असतो तो लाकडावर टेकलेला असतो, तोवर धार किती खोल जाईल हे तो उतार ठरवतो. उतार सुटला आणि नुसती धार लाकडाला लागली, की लाकूड तिला खाली ओढतं. म्हणून क्रम असा: हत्यार आधी टूल रेस्टवर, मग उताराची टाच लाकडावर, मग मूठ हळूहळू उचलत धार आणायची. धार आधी आणि रेस्ट नंतर, असं एकदाही होता कामा नये. स्क्यूचा वरचा लांब कोपरा लाकडात जाऊ देऊ नका. धारेचा खालचा अर्धा भागच कापायला वापरा.

स्क्रेपरचं, म्हणजे लाकूड खरवडणाऱ्या हत्याराचं, गणित वेगळं आहे. तो रेस्टवर सपाट ठेवतात, मूठ धारेपेक्षा किंचित वर. वाडग्याच्या आतल्या बाजूला धार केंद्ररेषेवर किंवा थोडी वर, बाहेरच्या बाजूला केंद्ररेषेवर किंवा थोडी खाली. मग हत्यार दबलं तरी ते लाकडापासून सुटतं, आत घुसत नाही.

पकडीच्या जोरापेक्षा रेस्टचं अंतर कितीतरी महत्त्वाचं. रेस्ट लाकडापासून ३ ते ६ मिमीवर हवी. धारेच्या टोकावर ४० किलोचा झटका बसला, हात रेस्टच्या मागे ४० सेंमीवर आहे आणि हत्यार ५ सेंमी पुढे आहे, तर हातावर ५ किलो येतात. तेच हत्यार १५ सेंमी पुढे असेल तर १५ किलो. लाकूड कातून बारीक होत जातं तसं हे अंतर न कळत वाढतं. म्हणून मधून मधून थांबून रेस्ट पुढे घ्या, मशीन पूर्ण बंद करूनच.

“जुनी कानस घासून वापरा”

कानशीचं पोलाद आरपार कडक आणि ठिसूळ असतं. तिला खरवडायचं असतं, आडवा मार सोसायचा नसतो. ती लाकडात रुतली की वाकत नाही, तुटते, आणि तुटलेला तुकडा फिरत्या लाकडावरून उडतो. पटाशीही यासाठी नाही. तिची मुठीत जाणारी शेपटी या कामाला बारीक पडते. विकत घेतलेल्या हत्यारांतही एक सापळा आहे: दांडे गोल करायचा मोठा रफिंग गाऊज वाडग्यावर चालवणं. वाडग्याच्या लाकडात प्रत्येक फेरीत दोनदा उभे तंतू समोर येतात, प्रत्येक वेळी ठोका बसतो, आणि त्या गाऊजची शेपटी मुठीजवळ मोडते. वाडग्याला बोल गाऊजच, ज्याचा पूर्ण गोल दांडा मुठीत गेलेला असतो.

“तड्यात इन्स्टंट ग्लू सोडा”

हा ग्लू सुकल्यावर ठिसूळ होतो आणि खोल तड्यात तळापर्यंत पोचेलच याची खात्री नसते. दिसण्यापुरती केसभर रेघ बुजवायला तो ठीक. कडेपासून गाभ्याकडे जाणारा तडा, गाठीभोवतीची फट, आत शिरलेली साल असेल तर गोल बाजूला काढा. शंका असल्यास पृष्ठभागावर थोडं स्पिरिट पुसा. ते वरून उडून जातं आणि तड्यात ओल राहून रेघ दिसते. हत्याराच्या मुठीने ठोकून पाहा, फुटक्या लाकडाचा आवाज बद्द येतो. कापताना मध्येच टक-टक असा नवा आवाज आला, तर बाजूला सरकून मशीन बंद करा, मगच बघा.

लाकूड धरण्याच्या चुकाही तितक्याच महाग पडतात. चकमध्ये जाणारा खुंट वाडग्याच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ठेवा. खुंटाचा खांदा जबड्यांच्या तोंडावर टेकला पाहिजे आणि खुंटाचं टोक चकच्या तळाला लागता कामा नये. फेसप्लेटला, म्हणजे जिच्यावर लाकूड स्क्रूंनी बसवतात त्या चकतीला, ड्रायवॉल स्क्रू वापरू नका, त्यांची डोकी कडक-ठिसूळ असतात आणि झटक्यात तुटतात. आणि टेलस्टॉक शक्य असेल तोवर लावून ठेवा, अगदी चक वापरतानाही.

धुळीबद्दल या सल्ल्यात शब्दही नाही. कातताना ढलप्या मोठ्या निघतात म्हणून मास्क नको वाटतो, पण पॉलिश पेपर लावल्यावर उडणारी बारीक धूळ दिसतही नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, लाकडाची धूळ १९९५ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. किमान एन९५ किंवा एफएफपी२ मास्क, चेहऱ्याला नीट बसलेला, आणि धूळ ओढणारा पाइप लाकडाच्या मागे. जवसाच्या तेलाचे बोळे कचऱ्यात चुरगळून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवा.