चार घरं, दोन हॉटेलं, एक दिवस

गाडीने एका दिवसात चार घरं आणि दोन हॉटेलं उरकायची असतील, तर बेत आखण्याचं काम फोनमधल्या नकाशावर सोपवा. नकाशा म्हणतो ३२० किलोमीटर, सहा तास दहा मिनिटं. चार घरी अर्धा-अर्धा तास, म्हणजे दोन तास. दोन हॉटेलांचा मिळून एक. सकाळी सहाला निघालात की दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही घरी परत. संध्याकाळ अख्खी मोकळी. तिचं काय करायचं, एवढाच प्रश्न उरतो.

हे सहा तास फक्त चाकं फिरत असतानाचे आहेत, ही गोष्ट बरोबरच्या मंडळींना सांगू नका. गाडी लावायला जागा शोधणं, 'रस्ता सापडला ना नीट?' याचं सविस्तर उत्तर, पाणी, चहा आणि चहा निवेपर्यंत घरातल्या सगळ्यांच्या आजारपणांचा आढावा, यातलं काहीच नकाशाला दिसत नाही. निरोप तर तीन हप्त्यांत घ्यायचा असतो. पहिला बसल्या जागी, 'चला, निघतो आता' म्हणून. दुसरा दारात उभ्याने. तिसरा गाडीची काच खाली करून. तिन्ही मिळून पंचवीस मिनिटं सहज जातात. आणि खरी बातमी, म्हणजे कुणाचं लग्न मोडलं, कुणी जमीन विकली, ही कायम तिसऱ्या हप्त्यात, इंजिन चालू झाल्यावरच बाहेर पडते.

आता क्रम. सहा थांबे ७२० वेगवेगळ्या क्रमांनी घेता येतात, आणि त्यातला सगळ्यात कमी अंतराचा क्रम फोन क्षणात काढून देतो. तो बाजूला ठेवा. क्रम मानाने लावायचा असतो. मावशीचं घर वाटेवर आहे म्हणून आधी तिच्याकडे गेलात, तर आत्याला ते कळणारच. कारण मावशीकडचा फोटो तुम्हीच घरच्या ग्रुपवर टाकलेला असणार. तेव्हा मावशीच्या दारावरून न थांबता पुढे जा, आत्याला भेटा आणि मग मागे या. मुख्य रस्त्यापासून 'जरासं आत' म्हणजे बारा किलोमीटर, आणि तेवढेच बाहेर येतानाही लागतात. पण चोवीस किलोमीटरसाठी नात्यात हिशेब कशाला?

डिकी भरण्याचं शास्त्र सोपं आहे. ज्याच्याकडे शेवटी जायचं त्याची पिशवी आधी, सगळ्यात खाली, आणि पहिल्या घराची सगळ्यात वर, ही हमालांची पद्धत झाली. तुम्ही जशा हाताला लागतील तशा पिशव्या टाका, सगळ्या एकाच रंगाच्या घ्या आणि नावाच्या चिठ्ठ्या लावू नका, ओळखतो आपण. मग आत्याच्या दारात सगळी डिकी रस्त्यावर रिकामी करा, म्हणजे इतरांसाठी काय काय आणलंय तेही तिला नीट बघता येईल. मागच्या काचेखालच्या फळीवर काचेची बरणी ठेवायला विसरू नका. जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, बरणी त्याच वेगाने पुढे येते, आणि मधे बसलेल्याचं डोकं तिच्या वाटेत असतं. स्टेपनी या सगळ्या सामानाच्या खाली असते. तिच्यात हवा आहे का, हे पंक्चर झाल्यावर बघायला वेळच वेळ असतो.

हवेचा विषय निघालाच आहे, तर टायरमध्ये किती भरायची हे बहुतेक गाड्यांच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेलं असतं. बऱ्याचदा दोन आकडे असतात, दोन-तीन माणसांसाठी एक आणि गाडी भरलेली असताना दुसरा. तिकडे बघू नका. टायरच्या अंगावर मोठा आकडा असतो, तोच सांगा; ती टायरची कमाल मर्यादा असते, पण मोठ्या आकड्याला वजन असतं. किंवा त्याहून बरं, सकाळी थंड टायरची हवा तपासूच नका. शंभरेक किलोमीटर झाल्यावर पंपावर थांबा, तापलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसतील, ते तेवढेच सोडून द्यायला सांगा. टायर निवला की हवा तेवढीच कमी. मग पाच माणसं आणि भरलेली डिकी यांच्या ओझ्याखाली त्याची बाजू दर फेऱ्याला दुमडत राहते, तापत राहते आणि फुटायची वेळ आपली आपण ठरवते. बहुधा रात्रीची.

सहाचं निघणं सात चाळीसला झालं, की तो वेळ वेग वाढवून भरून काढायचा असतो. शंभर किलोमीटरच्या टप्प्यात ताशी ८०ऐवजी १००ने गेलात तर पंधरा मिनिटं वाचतात, १००ऐवजी १२०ने गेलात तर दहाच. १२०ला हवेचा विरोध मात्र १००च्या जवळजवळ दीडपट होतो. तो पेट्रोलच्या काट्यावर दिसतो, तिकडे बघू नका. जीव मुठीत धरून वाचवलेली ती दहा मिनिटं पुढच्या घरी निरोपाच्या तिसऱ्या हप्त्यात जमा करा.

मुलांना मागच्या सीटवर मोबाइल द्या, म्हणजे ती गप्प बसतील. डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते हलतोय, आणि या भांडणाचा निकाल पोटात लागतो. समोरचा लांबचा रस्ता बघत बसलं तर त्रास कमी होतो. पण मग मुलं प्रश्न विचारतात. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, म्हणून ती मळमळायला लागल्यावर शोधायला घ्या. ती डिकीत सापडेल, बरणीच्या शेजारी.

खाण्याबाबत सगळ्या घरी एकच निरोप द्या, 'आमच्यासाठी काही करू नका हं.' हे वाक्य ऐकून आजवर कुणी गॅस बंद केलेला नाही. 'आम्ही सव्वाअकराला येतोय, फक्त चहा घेऊ, जेवण पुढच्या घरी आहे' असं सांगितलं तर ते खरं मानलं जाण्याचा धोका असतो, म्हणून वेळ आणि पदार्थ दोन्ही मोघम ठेवा. नाश्ता दोनदा आणि जेवण दोनदा होईल. भरपेट जेवण पोटातून पुढे सरकायलाच दोन ते चार तास लागतात आणि तुमची दोन जेवणं तासाभराच्या अंतराने आहेत; पण 'एवढंच? आवडलं नाही वाटतं' याला पचनशास्त्राकडे उत्तर नाही.

मग दुपारी दोन ते चार. या वेळात शरीराच्या घड्याळाची किल्ली जेवला नाहीत तरी उतरते. दोनदा जेवलात तर विचारायलाच नको. ताशी ९०ला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला की शंभर मीटर रस्ता तुमच्याशिवायच पार पडतो. उपाय म्हणून काच खाली करा, गाणी मोठ्याने लावा, स्वतःच्या गालावर चापट मारा. झोप जात नाही, पण काहीतरी केल्यासारखं वाटतं. गाडी सुरक्षित जागी लावून कॉफी पिणं आणि लगेच वीस मिनिटं आडवं होणं, म्हणजे उठेपर्यंत कॉफीचा अंमल सुरू झालेला असतो, हा खरोखर उपयोगी पडणारा प्रकार आहे. पण वीस मिनिटं? तीही वाटेत? काका वाट बघतायत.

हॉटेलं दोनच, पण ती तावूनसुलाखून निवडा. कसोटी एकच, पावणेपाच तारे. शेरे वाचू नका. वाचलेत तर ताजे सोडून तीन वर्षांपूर्वीचे वाचा. फोन करून आज उघडं आहे का, स्वयंपाकघर दुपारी किती वाजता बंद होतं, हे विचारणं कमीपणाचं. साडेतीनला पोचा, खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या बघा आणि शेजारी जे उघडं असेल तिथे शिरा. गर्दी असलेल्या जागी पदार्थ पटापट खपतात आणि ताजे येतात, म्हणून रिकामी जागा बघा, लगेच बसायला मिळतं. दोनशे पदार्थांची यादी आणि आत एकच आचारी, असं दिसलं की निश्चिंत व्हा, इथे सगळंच तयार असतं. कधीपासून तयार आहे ते विचारू नका.

संपलं नाही ते बांधून घ्या आणि डिकीत ठेवा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कडक उन्हात तर एकच तास. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी वर जातं, आणि त्यातला बराचसा चढ पहिल्या अर्ध्या तासातच होतो. काकांकडे दीड तास होतो. रात्री हेच मुलांना भरवा. अन्न वाया घालवू नये.

मित्र शेवटी ठेवा. तो समजून घेतो, मित्र त्यासाठीच असतात. सात वाजता त्याला 'पाच मिनिटांत पोचतोच' असा निरोप टाका, तेव्हा काकांच्या दारात दुसरा हप्ता चालू असेल आणि मधे चाळीस किलोमीटर. नऊ पंचेचाळीसला त्याच्या फाटकापाशी पोचा, इंजिन बंद करू नका, 'आत नाही येत, उशीर झालाय' असं खिडकीतूनच सांगा आणि डिकीत राहिलेली एकुलती एक पिशवी त्याच्या हातात द्या. ती मावशीची निघेल. त्याच्यासाठी खास शोधून आणलेलं पुस्तक दुपारपासून मावशीकडे आहे आणि तो उजेडात गुडघ्याचा पट्टा उलटसुलट करून बघतोय.

"तुला कुणी सांगितलं रे?" तो विचारेल. "कालपासूनच दुखायला लागलाय."