काठ्या उभ्याच राहू द्या!

फ्लोरिडात घर झालं, मुलं कॉलेजला गेली, आणि आता दारात 24 फुटी सेंटर कन्सोल बोट उभी आहे. अभिनंदन! टी-टॉपच्या (बोटीवरच्या छपराच्या) दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा फुटांचे आउटरिगर, म्हणजे गळाचं तंगूस बाजूला पसरवणाऱ्या काठ्या, बसवलेत, तेही आळीभर दिसलंय. आता ते मोडायचे कसे, एवढंच शिकायचं राहिलं. आधीच सांगतो, माशाच्या भरवशावर बसू नका. माशाने हिसका दिला की तंगूस अडकवलेली क्लिप सुटते, तंगूस थेट रॉडवर येतं आणि काठी मोकळी होते. तिची रचनाच तशी आहे. काठी मोडायची तर कष्ट स्वतःच घ्यावे लागतात.

गावाहून एखादे काका फोनवर म्हणतील, "आउटरिगर आहे ना, मग होडी उलटायची नाही." काकांच्या डोळ्यांसमोर मालवणची उलांडी असते. इंग्रजीत दोघींना नाव एकच. उलांडीचा ओंडका पाण्यावर तरंगतो आणि होडीला तोलून धरतो. तुमची काठी मात्र हवेत असते. आमिषं बोटीमागच्या फेसाबाहेर, एकमेकांत न गुंतता पसरवायची, एवढंच तिचं काम. बोट तोलणं तिच्या बापजन्मात जमणार नाही. तरी काकांचा मान राखा आणि आडव्या लाटेत काठ्या पसरून निर्धास्त बसा.

श्रीगणेशा समुद्रातच करू. सकाळपासून सात नॉट्सने ट्रोलिंग (बोटीमागे आमिषं ओढत फिरणं) चाललंय, मासा लागत नाही, जागा बदलायची आहे. शहाणी माणसं काय करतात? तंगूस गुंडाळतात, क्लिपा ओढून आणतात, हॅलयार्डची (क्लिपा काठीवर पुढे-मागे नेणारी) दोरी ताणून बांधतात, काठ्या आत वळवून खटका बसवतात आणि मगच थ्रॉटलला हात लावतात. यात पाच मिनिटं जातात. तुम्ही ती वाचवा. काठ्या पसरलेल्याच ठेवून 28 नॉट्स गाठा. वेग चौपट झाला की हवेचा रेटा सोळापट होतो, आणि तोही पंधरा फुटी तरफेवर. त्यात बोट एका अंगाला कलली आणि काठीचं टोक पाण्यात बुडलं, तर दुधात साखर. टोक पाण्याने धरून ठेवलेलं, बोट पुढे निघालेली, आणि मधला सगळा हिशेब बुंध्यावरच्या चार बोल्टांना चुकवायचा असतो. बेस बसवताना आतून जाड पट्टी न घालता नुसत्या स्क्रूंवर भागवलं असेल, तर काठी शाबूत राहील. टी-टॉपचा तुकडा मात्र सोबत घेऊन जाईल.

काठ्या आत वळवायच्याच असतील, तर खटक्याकडे बघू नका. हँडल जवळपास जागेवर आलं की झालं, असं समजा. पिन भोकात अर्धीच बसलेली असते. काठी प्रत्येक लाटेला इकडून तिकडे आपटते आणि महिन्या-दोन महिन्यांत गोल भोक लंबगोल होतं. आवाज ऐकायचाय? बोट धक्क्याला बांधलेली असताना काठी मधोमध धरा आणि हलकेच हलवा. बुंध्याशी टक्-टक् वाजलं तर काम मार्गी लागलं. बुशिंग (पिनेभोवतीचं अस्तर) किंवा पिन बदलण्याच्या फंदात पडू नका, वर स्टिरिओ मोठा लावा. रॉड-होल्डरमध्ये खोचायच्या काठ्या असतील तर आणखी सोपं. त्यांच्या बुडाला एक खाच असते आणि ती होल्डरच्या तळातल्या आडव्या पिनेवर बसवावी लागते. न बसवता वरूनच खोचली की काठी स्वतःभोवती फिरते आणि मनात आलं की उडी मारते.

परतताना इंट्राकोस्टल वॉटरवेवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या जलमार्गावर, पूल लागतील. पुलाच्या खांबाजवळ वर किती जागा शिल्लक आहे ते दाखवणारी आकड्यांची पट्टी असते. तिथला आकडा भरती-ओहोटीबरोबर बदलतो, म्हणून सकाळी वाचलेला आकडाच संध्याकाळी धरून चाला. उचलणारा पूल असेल तर व्हीएचएफ रेडिओच्या 9 नंबरवर पूलवाल्याला रुबाबात सांगा, "उघडा." अँटेना, आउटरिगर असल्या खाली घेता येणाऱ्या वस्तू खाली घेतल्यावर बोट सुखाने जाणार असेल, तर पूल उघडायला लावू नये, असा अमेरिकेचा केंद्रीय नियम आहे आणि मोडला तर दंड आहे. पण दोन काठ्यांसाठी रस्त्यावरच्या शे-दीडशे गाड्या थांबवण्यात जी शान आहे, ती खाली घेण्यात कुठली!

आता मुख्य विषय, ट्रेलर. खरं सांगायचं तर बहुतेक काठ्यांना वीरमरण समुद्रात येत नाही, ते पेट्रोल पंपावर येतं.

साधा हिशेब करा. ट्रेलरवर चढवलेल्या बोटीचा टी-टॉप जमिनीपासून दहाएक फुटांवर जातो. त्यावर पंधरा फुटी काठी उभी. फ्लोरिडात रस्त्यावरच्या उंचीची कायदेशीर मर्यादा 13 फूट 6 इंच आहे. हे गणित बोट पाण्यातून काढायच्या रॅम्पवरून निघताना कुणालाच आठवत नाही. आठवतं ते पंपाच्या छताखाली, ड्राइव्ह-थ्रूच्या पाटीपाशी, नाहीतर रस्त्यावर ओणवलेल्या ओकच्या फांदीला. म्हणून निघण्यापूर्वी गाडीभोवती फेरी मारू नका. सोबतच्या भावजींना म्हणा, "भावजी, तुम्ही बघितलंत ना?" भावजींना वाटेल तुम्ही बघितलंत.

वरून वीज जात असेल तर उत्तम. अ‍ॅल्युमिनिअममधून वीज वाहते हे शाळेत शिकवलेलं असतं. कार्बन फायबरमधूनही वाहते, हे काठी विकणारा क्वचितच सांगतो. तारांपासून निदान 10 फूट अंतर ठेवावं, असं वीजवाले कंठशोष करून सांगतात. तुम्ही घरी बोट धुताना, हात ओले आणि पायात स्लीपर, अशा वेळी काठी सरळ उभी करून पाहा. नाही, हे मात्र खरंच करू नका. या लेखात एवढं एकच वाक्य सरळ अर्थाने घ्या.

काठ्या मागे पाडून न्यायच्या ठरवल्यात, तर त्या पूर्ण लांबीच्याच राहू द्या. काठीच्या नळ्या एकमेकींत ढकलल्या की लांबी निम्म्याच्या आसपास येते. पण मग प्रत्येक जोडावरचं बटण बाहेर आलंय का, ते चाचपावं लागतं. न चाचपता निघालात तर आतली नळी हायवेच्या हादऱ्यांनी हळूहळू बाहेर सरकते आणि मागच्या गाडीच्या काचेची चौकशी करायला जाते. बुंध्याचा खटका समुद्रातल्या हेलकाव्यांसाठी असतो, ताशी 65 मैलांच्या वाऱ्यासाठी नाही, म्हणून टोकाकडे मऊ पट्ट्याने बांधायचं आणि काठी व टी-टॉपच्या पाइपच्या मध्ये फोमचा तुकडा घालायचा, असं जाणते सांगतात. तुम्ही रॅचेटचा पट्टा घ्या आणि कचकन आवळा. पातळ नळी तिथेच चेपते, पुढचा त्रास मिटतो. ‘की वेस्ट’ बेटाकडे निघाला असाल तर ओव्हरसीज हायवेवर 42 पूल आहेत, आणि पुलाच्या सांध्या-सांध्यावर ट्रेलर उडतो. पहिल्या दहा-पंधरा मैलांवर थांबून पट्टे तपासणारे लोक भित्रे असतात. सैल पडलेली हॅलयार्डची दोरी तोवर ट्रेलरच्या चाकात शिरलेली असते, ती तशीही थांबवतेच.

बुंध्याची पिन काढून काठ्या उतरवायच्या आणि कापडात गुंडाळून बोटीत आडव्या बांधायच्या, असाही एक मार्ग आहे. बहुतेक बेसांत ते दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात काहीच मोडत नाही. त्यामुळे तो आपल्या उपयोगाचा नाही.

राहता राहिलं मीठ. घरी आल्यावर काठ्या गोड्या पाण्याने धुऊ नका. धुतल्याच, तर नळ्या आत ढकललेल्या असतानाच वरवर पाणी मारा, म्हणजे सांध्यातलं खारं पाणी तिथेच सुकेल. वरून ग्रीस चोपडा, वाळू धरून ठेवायला त्यासारखं दुसरं काही नाही. पुढच्या महिन्यात नळ्या हलेनाशा झाल्या की हातोडा आणा. एका ठोक्यात पोचा पडतो, आणि पोचा पडलेली नळी ना आत जाते ना बाहेर येते. मग काठी कायमची पंधरा फुटी. पुढच्या शनिवारी ती बोटीच्या मागे 4 फुटांहून जास्त बाहेर लोंबेल, आणि त्याला 18 इंच लांब-रुंद लाल निशाण लावायचा कायदा आहे. घरात हळदीकुंकवाचा लाल ब्लाउजपीस पडून असेल, तो आत्ताच काढून ठेवा.