शाळा व्यवस्थापन समितीवर मला पुन्हा का जायचंय

येत्या शनिवारी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पालकसभा आहे. दोन वर्षं संपली, व्यवस्थापन समिती नव्यानं निवडायचीय. मी परत उभी राहणार आहे. "वैनी, त्या समितीत असतंय काय एवढं? पगार नाही, मान नाही," असं दोघी-तिघींनी विचारलं. दारात उभ्या उभ्या सांगून पुरं होईना, म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी माझं नाव समितीत आलं ते निम्म्या बायका लागतात म्हणून. पहिले चार महिने बैठकीचं बोलावणंच नव्हतं. एके दिवशी लेकाच्या दप्तरातून इतिवृत्ताची वही घरी आली. "आई, सही सांगितलीय." पान आधीच भरलेलं. खाली सदस्यांची नावं आणि माझ्या नावापुढं पेन्सिलीनं बारीक फुली, सही कुठं करायची ते कळावं म्हणून. मी नुकतीच म्हशीची धार काढून आले होते. पदराला हात पुसले आणि सही केली. वर 'सर्वानुमते मंजूर' लिहिलेलं होतं. काय मंजूर झालं ते वाचलंसुद्धा नाही. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी पुतण्याकडून मोबाईलवर शिक्षण हक्क कायदा काढून घेतला, 2009 चा, आणि हळूहळू वाचत गेले. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा. अनुदानाचा पैसा कुठं गेला ते समितीनं बघायचं. एवढा अधिकार कायद्यानं आमच्यासारख्यांच्या हातात दिलाय आणि आम्ही तो फुलीवर सही करून परत देतोय.

त्यानंतर मी एकही कागद न वाचता सही केलेली नाही. सुरुवातीला काहीजणांना राग आला. पण पुढच्या महिन्यात बैठक खरोखर झाली.

आता बैठकीत बोलायचं कशावर? आमच्याकडं चर्चा रंगते ती कंपाउंड, कमान, रंग, गॅदरिंगचं स्टेज यावर. रंग लागावा, संडासाला पाणी असावं, यात वाद नाही. पण माझं म्हणणं एवढंच की बैठकीची पहिली पंधरा मिनिटं वाचनाला द्या. तिसरीतल्या किती पोरांना साधा परिच्छेद वाचता येत नाही, मागच्या महिन्यात किती होती, या महिन्यात किती? नावं नकोत, पोराला शरमेत घालायचं नाही, फक्त आकडा. आणि गुरुजींना विचारायचं, तुम्हाला आमच्याकडून काय पाहिजे? दोन वर्गांना एकच शिक्षक आणि त्यात रोजची ऑनलाइन माहिती भरायची, हे दुखणं आम्हाला आधी माहीतच नव्हतं. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शाळेबाहेरच्या कामाला लावायचं नाही, असं कायदाच सांगतो. मग ते पत्र समितीनं वर पाठवायला नको का? गुरुजींच्या बाजूनं उभं राहणं हेही समितीचंच काम आहे.

पण खरं कारण वेगळंच आहे.

गेल्या हंगामात ओढ्याकडच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची. शाळेच्या फाटकाशी रोज दुपारी एक पोरगी उभी असायची. दहा-अकरा वर्षांची, कडेवर धाकटा भाऊ. आत पोरं आहाराला बसली की बघत राहायची. मी विषय काढला. तर दाखला नाही, आधार नाही, मार्चला जाणारच. एकजण म्हणाले, "आधी आपल्या गावची पोरं बघू, ती चार महिन्यांची पाहुणी." ते वाईट माणूस नाहीत. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात तेच होतं.

मी कायदा वाचून दाखवला. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही, आणि वयाला शोभेल त्या वर्गात बसवायचं. मग मला राहवलं नाही. म्हटलं, आपण कोल्हापूरची माणसं. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत धाडलं नाही तर आई-बापाला महिना एक रुपया दंड होता. राजा पोराच्या मागं लागला होता, आणि आज पोर आपल्या फाटकात उभं आहे तर आपण त्याच्याकडं कागद मागतोय!

कोणी काही बोललं नाही. ठराव झाला. शाळेच्या बाई दुसऱ्या दिवशी स्वतः खोपीवर गेल्या. पोरगी चौथीत आली, भाऊ अंगणवाडीत. तिच्या बोटांवर पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा होत्या, पेन्सिल धरताना ती बोटं आत मुडपून घ्यायची. अक्षरं तेवढी ओळखीची होती. फेब्रुवारीत मी आहाराची चव घ्यायला गेले, तेव्हा फळ्यावरचं ती भावाला वाचून दाखवत होती: "आ-मटी भात." परत एकदा, न अडखळता, "आमटी भात."

मार्चमध्ये टोळी गेली. जाताना शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत शिकणं पुढं चालू ठेवता येतं. तिच्या आईनं ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रेशनकार्डाबरोबर ठेवलं.

म्हणून मला परत जायचंय. हंगाम सुरू व्हायच्या आत खोप्यांवर जाऊन पोरांची यादी करायची, हा पहिल्या बैठकीचा पहिला विषय असावा, हे मी सभेत मागणार आहे. दुसरी मागणी बायकांसाठी. बैठक शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ठेवा. तेव्हा धारा झालेल्या असतात, मजुरीला जाणारीलाही अर्धा दिवस तरी मिळतो. आणि समितीत बाईचं नाव असेल तर खुर्चीत बाईच बसेल. नवरा किंवा दीर तिच्या वतीनं आला, तर त्याला चहा देऊ आणि तिला बोलावून आणू.

सभा साडेअकराला, शाळेच्या व्हरांड्यात. माझ्या विरोधात कुणी उभी राहिली तरी मला आनंदच आहे, फक्त तिनं वही वाचावी. येताना शेजारणीलाही घेऊन या. जिचं पोर खिचडीच्या रांगेत मागं उभं असतं आणि जी कधीच सभेला येत नाही, तिला आधी.