काडतूस म्हणजे स्प्रिंगचा टेकू नव्हे

मंगळवेढ्याजवळ शेती असलेल्या माझ्या मामांनी परवा फोन करून विचारले, "दुनळी बंदुकीत काडतूस ठेवलं की स्प्रिंग टिकते म्हणतात, खरं का रे?" पीकसंरक्षणासाठी परवाना काढून घेतलेली त्यांची बारा बोअर दोन वर्षे लोखंडी पेटीत पडून आहे आणि सोलापूरभर फिरणारा एक संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचला आहे. संदेश सांगतो की घोडे, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारे आतले हातोडे, चढलेले राहिल्यास सहा महिन्यांत त्यांची स्प्रिंग बसते, म्हणजे ढिली पडते, म्हणून नळीत काडतूस ठेवून तिला आधार द्यावा, दर रविवारी चाप ओढून ती मोकळी करावी, आत गोडेतेल सोडावे आणि बंदूक सुती चादरीत गुंडाळावी.

पहिल्या दोन सूचना एकामागोमाग वाचाव्यात. शनिवारी काडतूस भरणारा माणूस रविवारी चाप ओढेल, तेव्हा माजघरात बार होईल! शिवाय त्या 'आधारा'ला काही अर्थच नाही. आतल्या घोड्यांच्या दुनळीत नळी मोडताना, म्हणजे बिजागरीवर खाली झुकवून उघडताना, घोडे चढतात आणि खटक्याच्या खाचेत अडकून राहतात; स्प्रिंगचा सगळा ताण त्या खाचेवर असतो, त्यामुळे पुढे काडतूस असले काय नि नसले काय, तिला फरक पडत नाही. मी फोन चालू ठेवूनच मामांना नळी मोडायला लावली. डाव्या नळीत एक काडतूस निघाले. शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे लिहून द्यायचे आणि घरात भरलेली बंदूक ठेवायची, याला काय म्हणावे?

स्प्रिंग बसते यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पाणी नीट न दिलेली, म्हणजे तापवून-थंड करून पुरेशी कणखर न केलेली स्प्रिंग वर्षानुवर्षे दाबून राहिली तर किंचित ढिली पडते, म्हणून बंदूक ठेवून देण्यापूर्वी स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेले नकली काडतूस, घालून घोडे एकदा उतरवावेत. पण धातू थकतो तो मुख्यतः पुन्हापुन्हा पडणाऱ्या ताणाने. ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने 1858 ते 1870 या काळात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून ते दाखवले होते, आणि सोलापूरसारख्या रेल्वेच्या गावात तरी हे निराळे सांगावे लागू नये. वर्षाला बावन्न झटक्यांनी स्प्रिंग मरणार नाही, मात्र रिकाम्या नळीवर आपटून जुन्या बंदुकीची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर टोचणारी टोकदार सुई, तुटू शकते.

गोडेतेल वाळून चिकट होते. बंदुकीचे पातळ तेल फडक्याने पुसावे, एवढे पुरे.

चादर आपल्या सोलापूरची असली तरी सूत ओल धरते. रविवारी मी गेलो, तेव्हा नळीच्या खालच्या अंगाला विणीच्या चौकटी जशाच्या तशा गंजात उमटल्या होत्या. मामींनी ती चादर दोनदा धुतली, पण तांबूस डाग गेले नाहीत.