‘नाइस’भोवती काढलेली वर्तुळे

गेल्या आठवड्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची निबंधाची वही उघडली. साताऱ्याच्या आजीच्या घराविषयी इंग्रजीत लिहिताना तिने चार वेळा वापरलेल्या ‘नाइस’भोवती बाईंनी हिरव्या शाईने वर्तुळे काढली होती आणि समासात ‘याहून नेमका शब्द शोध’ असे लिहिले होते. इंग्लंडच्या शाळेत इंग्रजी शब्दालाच हरकत घेतली जावी, याचे मला नवल वाटले. कारण मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाल्यापासून आमच्या नातेवाइकांत ‘जेवण नाइस होतं’ असे कोणी म्हटले, की शब्द परका आहे म्हणून वाद पेटतो.

हा शब्द इंग्रजीतही बाहेरूनच आलेला आहे. लॅटिनमध्ये ‘नेस्कियस’ म्हणजे अजाण. जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास तो इंग्रजीत उतरला, तेव्हा ‘नाइस’ म्हणजे मूर्ख. पुढे त्याला चोखंदळ, काटेकोर, सूक्ष्म असे अर्थ चिकटत गेले आणि अठराव्या शतकात तो ‘छान’ या अर्थाने रुळला. १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत हेन्री टिल्नी याच शब्दावरून नायिकेला छेडतो: दिवस नाइस, फेरफटका नाइस, मुलीही नाइस; हा शब्द कशालाही चालतो!

आपल्याकडेही ‘राग’ हा संस्कृतात रंग आणि प्रेम, तर मराठीत संताप आहे. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, तर आपल्याकडे दंड आहे. मूळ अर्थाकडे परत फिरा, असे इथे कोणी म्हणत नाही. त्यामुळे शब्दाची पारख त्याच्या जन्मगावावरून करणे मला मुळीच पटत नाही. टिल्नीची हरकत मात्र मनापासून पटते. टुमदार घर, रुचकर आमटी, मनमिळाऊ शेजारी, प्रसन्न हवा या सगळ्यांच्या जागी ‘नाइस’ एकटाच बसू लागला, तर नुकसान होते ते तिथे. आणि तोच न्याय आपल्या ‘छान’लाही लावायला हवा, घरचा म्हणून त्याला माफी नको.

आजीच्या स्वयंपाकघरात नेमके काय आवडते, असे मी मुलीला विचारले. ‘सकाळी ओट्यावर ऊन येतं आणि आजी त्यातच कोथिंबीर निवडत बसते,’ ती म्हणाली. पहिले ‘नाइस’ खोडून तिने हेच वाक्य इंग्रजीत लिहिले.